टॉवेलांची वही

माझ्याकडे एक वही आहे, निळ्या पुठ्ठ्याची.
एकतीस हंगाम तिच्यात मी टॉवेल मोजले.
शनिवारी गेले चव्वेचाळीस, आले त्रेचाळीस;
शेरा: एक पेनहेलच्या गाडीत, सोमवारी देतो म्हणाला.
सोमवारी आला. पुढे बरोबरची खूण.

मोजे जोडीनं. बुटांचे खिळे डब्यागणिक.
फुटलेला चेंडू तारखेसह, आणि कुणी फोडला तेही.
बाप माझा धक्क्यावर गव्हाची पोती मोजायचा,
पोत्याला एक रेघ खडूची, पाचवी आडवी.
तेवढंच शिकवलं त्यानं मला.

चौकशीला ॲडलेडला बोलावलं.
लिफ्टमध्ये कोटाची कॉलर टोचत राहिली.
वुकोविचबाईंनी टेबलावर क्लबचं दप्तर मांडलं:
एक ना धड, भाराभर चिंध्या.
पिझ्झाच्या पावतीमागे पेननं, 'को. पे. – ३ – डावं'.
तीन काय?
डावं काय?
एक तक्ता, नावं छापलेली, पुढे आखलेले रकाने,
आणि रकान्यांत ऊन पडल्यासारखा पांढरा कागद.
संमतीपत्रं अडतीस, सह्या ठसठशीत,
औषधाचं नाव यायचं तिथं नुसती टिंबं,
पोरांनी टिंबांखाली सह्या केल्या होत्या.

अध्यक्ष म्हणाले, ते प्रशिक्षकाचं खातं.
प्रशिक्षक म्हणाला, मी खेळ बघतो, सुया नाही.
डॉक्टरांनी म्हणे पत्र लिहून विचारलं होतं.
पत्राची जावक सापडली, आवक नाही;
मध्ये फक्त चौदा पायऱ्यांचा जिना.
आणि ज्याला सगळे 'प्रोफेसर' म्हणायचे
त्याचा लॅपटॉप पाण्यात पडला होता.
कुठल्या पाण्यात, ते त्याला आठवेना.
बाकी अळीमिळी गुपचिळी.

मिस्टर ट्रेगेन्झा, तुम्ही काही पाहिलंत?

मालिशखोलीतला फ्रिज माझाच होता तसा.
त्यात मी संत्री ठेवायचो, मध्यंतराला चिरायला.
जूनमध्ये कुणीतरी म्हणालं, मर्व, संत्री दुसरीकडे ठेव.
ठेवली. वहीत लिहिलंसुद्धा:
'संत्री बादलीत, बर्फ घालून.'
का, ते लिहिलं नाही.
तसा रकानाच नव्हता माझ्याकडे.

मग त्यांनी माझी वही मागितली.
पानं उलटता उलटता बाईंचं बोट थांबलं.
मंगळवार: डाग. ब्लीच.
पुढचा मंगळवार: डाग. ब्लीच.
मोहरीएवढे लाल ठिपके, टॉवेलाच्या मधोमध,
कडेला कधीच नाही.
सतरा मंगळवार निघाले.
अख्ख्या क्लबात तेवढाच पुरावा,
तोही मी धुऊन वाळत घातलेला.
कुणाचे टॉवेल? त्यांनी विचारलं.
टॉवेलांना नावं नव्हती.
असती तर लिहिली असती मी.
असं म्हणालो खरा. गाडीत बसल्यावर
बराच वेळ किल्लीच फिरवली नाही.

पेनहेल आला एका रात्री, घरी, न कळवता.
बंदी दोन वर्षांची. बायकोला सातवा महिना.
दारातच उभा राहून म्हणाला,
मर्व, तुझ्याकडे सगळं लिहिलेलं असतं,
माझ्या अंगात काय गेलं तेवढं सांग,
तिकडे दवाखान्यात फॉर्म भरायचाय.
मी काय सांगणार?
चहा ठेवला. वही दिली.
तो सावकाश वाचत गेला, एकेका ओळीवर बोट ठेवून,
मोजे, खिळे, चेंडू, संत्री,
स्वतःच्या गाडीतला तो टॉवेल सापडला तेव्हा हसला जरासा.

मग जुलैच्या एका मंगळवारी थांबला.
पेन्सिल मागितली.
'डाग'च्या पुढे स्वतःचं नाव लिहिलं, पूर्ण, आडनावासकट.
तो त्याचाच होता की दुसऱ्या कुणाचा
ते त्यालाही ठाऊक नव्हतं.
चहा तसाच राहिला.

एकतीस हंगामांत त्या वहीत
माझ्याशिवाय कुणाचं अक्षर नव्हतं.
मी ते खोडलेलं नाही.
बरोबरची खूणही केलेली नाही.