पांढरी पट्टी

जमीलाआपा मटणाला कच्ची पपई चोळायच्या,
सालीसकट, पाट्यावर वाटून.
का, विचारलं तर म्हणाल्या,
गोश्त गलता है, बेटा. इतकंच.
ते गळणं म्हणजे काय
हे बघण्यात माझी एकतीस वर्षं गेली.

पपईच्या चिकात कात्री असते.
आपल्या पोटात असते, रक्तात असते,
जखमेची खपली निघते तिथं असते.
आणि पुरुषाच्या मूत्राशयाखाली,
मोठ्या सुपारीएवढ्या त्या ग्रंथीतही असते
जिचं नाव अंबाजोगाईत कुणी घेत नाही.
'खालचा त्रास' म्हणतात.
'लघवीचं जरासं' म्हणतात आणि बायकोकडे बघतात,
बायको भिंतीवरच्या कॅलेंडरकडे.

कात्री वाईट नसते, चौसाळकर सर सांगायचे,
खडूची खूण सोडून भलतीकडे चालली
की दुखणं होतं.
ती कुठं वळते, कधी वळते,
ते सर निवृत्त होईपर्यंत आम्हाला कळलं नाही.
मग ते माझ्यावर आलं.

नमुने औरंगाबादला न्यायचे ते यष्टीनं.
डबा मांडीवर, झाकणावर टॉवेल.
बीडच्या स्टँडवर रसवंतीवाल्याकडून बर्फ भरून घ्यायचा.
काय मासळी हाय का, कंडक्टर विचारायचा.
मी हो म्हणायचे.
मे महिन्यात बेचाळीस अंशांत
डबा तासभर जरी कोमट झाला
तर विकर दुसरं काही मिळेना म्हणून
स्वतःलाच कापत बसतं.
माणसंही बसतात. मी पाहिलीत, प्रमोशनच्या वर्षी.

जिलेटिनचा पातळ थर.
त्यातून नमुना विजेवर पळवायचा,
रात्रभर उबेला ठेवायचा, सकाळी निळ्या रंगात बुडवायचा.
सगळं निळं होतं.
कात्री जिथं जेवून गेली
तेवढंच पांढरं राहतं.
आयुष्यभर मी ही नसलेली जागा मोजली,
फूटपट्टी लावून, मिलिमीटरमध्ये.

नऊ नंबरची पट्टी लख्ख होती, चुन्यासारखी.
एक्कावन्न वर्षांचा भूगोलाचा मास्तर.
सात महिने.
आमचं औषध उंदरांत चाललं,
माणसांत चाललं नाही.
हे वाक्य मी इंग्रजीत पुष्कळदा लिहिलं,
कर्मणी प्रयोगात,
म्हणजे कुणी केलं ते दिसत नाही.

चौदा नंबर विश्वांभर मुंडीक.
वीज मंडळातून रिटायर झालेला वायरमन.
पहिल्या दिवशी बाटली धोतराच्या सोग्यात लपवून आणली.
पुढं पुढं व्हरांड्यातूनच ओरडायचा,
बाई, तुमचं पाणी आणलंय!
लोडशेडिंग झालं की सबस्टेशनला फोन लावायचा,
"आरं, त्या डॉक्टरीणबाईच्या फ्रीजात
माझं अकरा वर्साचं मुतणं ठिवलंय,
लाइट सोड आधी."
आणि लाइट यायची.

अकरा वर्षं त्याची पट्टी तेवढीच फिकट.
गाठ होती, कात्री होती,
पण कुणीतरी तिचा हात धरून ठेवला होता.
कुणी, ते मी अर्धंमुर्धं शोधलं.
साडेचार पानांचा निबंध झाला.
बाकीचं अर्धं एव्हाना कुणीतरी दुसरं शोधत असेल,
नसेलही.
तो गेला लुनावरून पडून, घाटनांदूरच्या वळणावर.
कॅन्सर बिचारा आत तसाच राहिला,
गाडी चुकलेल्या पॅसेंजरसारखा.

तेराव्यानंतर कौसाबाई आल्या.
चप्पल बाहेर काढून, पदर सावरून उभ्या.
"त्यायचं काई ऱ्हायलंय का तुमच्याकडं?"

मी उणे ऐंशीचं दार उघडलं.
धुकं खाली ओघळून पायांवर आलं.
एकशे सत्तावीस नळ्या, प्रत्येकीवर चौदा,
माझ्या अक्षरात, सुरुवातीला सुबक, पुढं पुढं घाईचं.
त्यांनी बोट पुढं केलं, लावलं, झटकन मागं घेतलं.
लई गार हाय, म्हणाल्या.
थोडा वेळ नुसत्याच बघत राहिल्या.

मग म्हणाल्या,
लावा दार, बाई.
लाइट जायचा टाइम झाला.