शंभरपैकी सेहेचाळीस

टोलीडोत, फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी,
मॉलच्या मागच्या अंगाच्या थिएटरात
दोनशे बारा माणसांना फुकट सिनेमा दाखवला.
आत शिरतानाच प्रत्येकाला
एक कार्ड आणि एक आखूड पेन्सिल.
पेन्सिली परत गोळा करणं हेही माझंच काम.

सिनेमात एक गाव आहे.
तिथे आवाज एक दिवस उशिरा पोचतो.
एवढंच. यान नाही, परग्रह नाही,
फळ्यावर समीकरण मांडून कुणी कारण सांगत नाही.
आज दार आपटलं की उद्या दचकायचं.
लोक भांडतातसुद्धा बेतानं,
कारण राग निवल्यावर ते सगळं ऐकावं लागतं.
आणि एक बाई बुधवारी सकाळी जाते.
गुरुवारी पहाटेच तिचा नवरा
स्वयंपाकघरात खुर्ची ओढून बसतो,
तिचं कालचं बोलणं यायचं असतं.
खुर्ची ओढल्याचा आवाज शुक्रवारी येतो.

इथे अकरा जण उठून गेले.

स्टुडिओचा कोव्हाच माझ्या शेजारी भिंतीला टेकून होता.
"विचार करायला लावणारा सिनेमा आहे," म्हणाला,
स्थळ सांगून आलेल्या मुलीबद्दल
"स्वभावानं फार चांगली" म्हणावं, तसा.
दिग्दर्शिका नादिन शेवटच्या रांगेत,
कोट न काढता. पडद्याकडे तिचं लक्षच नव्हतं,
ती माना बघत होती:
कुठली फोनकडे झुकते, कुठली नाही.

सांगलीला आमचे काका नाटकाच्या तिसऱ्या घंटेनंतर
विंगेतून वाकून बघायचे आणि पुटपुटायचे, रसिक मायबाप.
मायबापांना काय झेपेल, काय नाही,
हे पोरं कायमच चुकीचं ठरवतात,
असं मला हल्ली वाटतं.
तेव्हा वाटत नव्हतं.

मग पॉपकॉर्नच्या काउंटरवर कार्डांचा ढीग.
कंटाळवाणा. कंटाळवाणा. बरा.
शत्रू कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही.
तुमच्या साउंडमध्ये बिघाड आहे, दुरुस्त करून घ्या.
इतकी शांतता, की चिप्स खायची लाज वाटली
(हिनं "उत्तम"वर खूण केली होती).
आणि एक कार्ड, पुढून कोरं.
मागे, पेन्सिल दाबून दाबून:
"काचेच्या भट्टीवर एकतीस वर्षं होतो.
कान तिथंच ठेवून आलो.
बायको बोलते ते मला तिच्या ओठांवरून
जरा मागाहून कळतं, आणि तोवर
ती पुढचं बोलत असते.
हे कसं सांगायचं ते मला माहीत नव्हतं.
कारण दिलं नाहीत, बरं केलंत."

खूण नसलेलं कार्ड बेरजेत धरत नाहीत.
नियम आहे. मी धरलं नाही.
शंभरपैकी सेहेचाळीस.
कोव्हाचला साठ तरी हवे होते.
"एक शास्त्रज्ञ घालू," तो म्हणाला, "एक फळा,
दोन मिनिटांत सगळं समजावू.
आणि शेवटी काहीतरी फुटू दे."
नादिन हसली नाही, भांडलीही नाही.
बेतानं वागली.

पेन्सिली मोजल्या. एक कमी.

पार्किंगमध्ये मॉमी नदीवरून येणारा वारा
कान कापत होता. बर्फाच्या ढिगाऱ्यापाशी दोन पोरं,
तेरा-चौदाची; कार्डं माझ्याच हातात देऊन गेलेली:
वाईट. अतिशय वाईट.
एकानं गाड्यांच्या पलीकडून बोंब मारली, "ड्वेन!"
दुसरा ढिम्म.
पुन्हा, "ड्वेन, आई आली!"
त्यानं मान वळवली नाही. खिशात हात घालून
आभाळाकडे बघत म्हणाला, "हे मला उद्या ऐकू येईल."
मग दोघंही बर्फात पडेपर्यंत हसली.
त्यांच्या आईनं हॉर्न दिला, तरी उठेनात.

हे कुठल्या रकान्यात भरायचं?
नादिनला निदान सांगायला हवं होतं.
धावत आत गेले. दिवे मालवलेले,
ती निघून गेली होती.
उद्या सांगेन.