माती बसेपर्यंत

ग्रिम्सबीच्या गोदीवरून वारा सुटला
की आमच्या पतसंस्थेच्या दारातून
आधी मासळीचा वास आत येतो, मागून माणूस.
एक नोव्हेंबरला तशाच आल्या नोरीन ब्लँचर्ड.
ना हवापाण्याच्या गप्पा, ना काही.
"दरमहा दीडशे पौंड. कुठे ठेवू?"

मी पत्रकं पसरली.
हे खातं कधीही पैसे काढू देणारं,
म्हणून व्याज पाप्याचं पितर.
हे फक्त फोनवरचं, चांगलं गुटगुटीत,
पण त्यांचा फोन बटणांचा,
त्यातलंही सहाचं बटण आत रुतलेलं.
आणि हे, दरमहा भरायचं :
बारा महिने, सहा टक्के,
मध्ये हात लावायचा नाही,
एक हप्ता चुकला तरी दर घसरतो.

"मध्येच गरज पडली तर?"
मी विचारलं. विचारावंच लागतं.
"नाही पडणार. माती बसायला वर्ष जातं."
मी नुसतीच पाहत राहिले.
"दगड लगेच उभा करत नाहीत, बाई. जमीन खचते.
पाथरवट म्हणाला, पुढच्या नोव्हेंबरात या.
तोवर क्लाइव्हच्या उशाशी फळी आहे. नंबराची."

पावाच्या कागदावर हिशेब करून आणला होता :
दगड अठराशे, नाव-तारखा त्यातच.
त्यापुढे अक्षराला तीन पौंड,
पूर्णविरामालासुद्धा.
बारा दीडशे अठराशे,
त्यावर सहा टक्के, एकशे आठ.
भागिले तीन : छत्तीस अक्षरं.
नणंदेनं ओळही निवडून दिली होती,
देवदूत होते तिच्यात, शांत किनाराही.
बरोब्बर छत्तीस.

आता सांगणं मलाच भाग होतं.
की पहिला हप्ता वर्षभर राहतो आमच्याकडे,
दुसरा अकरा महिने,
आणि शेवटचा बूड टेकतो न टेकतो
तोच निघायची वेळ.
ज्याला जेवढा मुक्काम, त्याला तेवढंच व्याज.
"अठ्ठावन्न पौंड, पन्नास पेन्स," मी म्हणाले.

"पाटीवर सहा लिहिलंय."
"ते खोटं नाही."
"पुरतं खरंही नाही," त्या म्हणाल्या,
आवाज न चढवता,
आणि माझ्याच पेन्सिलीनं भागाकार मांडला.
एकोणीस. बाकी दीड पौंड.

मग घरकर्जवाल्यांच्या मऊ खुर्चीत बसून
त्या शब्द खोडू लागल्या.
आधी देवदूत गेले.
किनारा बराच वेळ तगला.
मागे चिल्लरची पिशवी घेऊन उभे स्टब्ज
दोनदा खाकरले.
अकरा वर्षं मी दर सांगते आहे लोकांना,
सुट्टी, छप्पर, नातवाची सायकल, सगळं ऐकलंय,
व्याज अक्षरांत मोजताना कुणाला पाहिलं नव्हतं.

शेवटी कागद काचेखालून माझ्याकडे सरकवला.
'जेवायला अजून उशीरच.'
त्यांच्या स्पेलिंगात अठरा अक्षरं, एक पूर्णविराम.
"चाळीस वर्षं," त्या म्हणाल्या,
"जाळी विणणाऱ्यांच्या शेडपाशी थांबायचा गप्पा मारत.
माझे बटाटे गार."

खातं उघडलं.
दर एक तारखेला पासबुक यंत्रात कुरकुरायचं.
फेब्रुवारीत बर्फानं रस्ता बुजला,
तेव्हा सात नंबरच्या बसचा ड्रायव्हर
पाकीट घेऊन आला, वर माझं नाव, चुकीचं लिहिलेलं.
ऑगस्टमध्ये फिश फॅक्टरी दोन आठवडे बंद,
दीडशे पौंड आले नाण्यांत,
मोजायला मला वीस मिनिटं लागली.
हप्ता चुकला नाही.

नोव्हेंबरात पैसे घ्यायला आल्या.
मी छापील आकडा दाखवला, त्यांनी तो वाचलाही नाही.
"पूर्णविराम नको म्हटलं पाथरवटाला.
तीन पौंड कशाला एका टिंबाला?"
नोटा पर्समध्ये गेल्या.
काउंटरवर उरले साडेचार पौंड.
त्यांनी ते बोटानं माझ्याकडे ढकलले,
छत्री काखेत धरली,
आणि विचारलं,
"हे कुठे ठेवू?"

मी पत्रकं पसरली.