उखर्डू

अनेरकाठच्या सात गावांत मला नावानं कुणी ओळखत नाही.
मोटरसायकल वळली की पोरं ओरडतात,
हगवणवाला आला, हगवणवाला!
खोटं नाही ते. मी तेच नेतो:
दुपट्यावरून चमच्यानं खरवडलेलं, बोटभर डबीत,
बर्फाच्या खोक्यात, धुळ्याच्या प्रयोगशाळेपर्यंत.
एप्रिलात इथे डांबर टायरला चिकटतं,
केळीची पानं कडेनं जळतात.
ओलं गोणपाट मी खोक्यावर टाकतो,
डोक्यावर नाही.

डबीवर नाव लिहायचं नसतं.
नंबर लिहायचा. ०४१७.
निम्म्या बाळांच्या जिभेवर लस पडली,
निम्म्यांच्या जिभेवर तसंच दिसणारं, तेवढंच गोड
नुसतं पाणी.
कुणाला काय, मला ठाऊक नाही.
डॉक्टरीणबाईंना ठाऊक नाही.
ते एका पाकिटात बंद, आणि पाकीट दूर कुठल्या तिजोरीत.
याला म्हणतात आंधळी चाचणी.
प्रशिक्षणात त्यांनी ते फळ्यावर लिहिलं, मी वहीत उतरवलं,
आणि मला वडलांचं नाव आठवलं.

उखर्डू.
त्यांच्या आधीची तीन गेली होती,
दोन गोवरानं, एक जुलाबानं.
चौथा जन्मला तेव्हा त्याला सुपात घालून
उकिरड्यावर ठेवलं.
शेजारणीनं उचललं, पसाभर ज्वारीला परत विकलं.
मरणाला वाटावं, हे कुणी टाकलेलं, काही कामाचं नाही.
आमच्या गावाची जुनी मतदारयादी उघडून बघा:
दगडू, भिका, धुडकू, नथ्थू, फकिरा.
एकेका नावाआधी किती रिकाम्या ओळी,
कुणी मोजल्या नाहीत.
तीही आंधळी चाचणीच.
फक्त आंधळं करायचं होतं मरणाला.

०४१७ ची आई, वैजंता कोळी,
डबी देताना माझ्याकडे न बघता म्हणाली,
"भाऊ, मना आंडोरले काय दिधं तुम्ही?
खरं, का पानी?"
"माले म्हाईत नही, ताई."
"मंग कोनले म्हाईत शे?"
मी पाकिटाबद्दल सांगितलं.
ती बराच वेळ कापसाचं बोंड सोलत राहिली.
"पाकिटले पोरं शेतस का?"

याचं उत्तर फॉर्मात नाही.
शेवटी 'इतर' असा एक रकाना असतो.
तिथे मी काही लिहिलं नाही.

त्या थंडीत ०४१७ सहा दिवस सलाइनवर होता.
डोळे आत गेलेले, टाळू खोल,
पोटाची कातडी चिमटीत धरली
तर ती परत जायचं विसरायची.
मी नमुना घेतला. माझं काम तेवढंच होतं.
येताना पुलावर गाडी थांबवली,
खोक्यातला बर्फ बघायला,
असं मी मला सांगितलं.

पाकीट उघडलं तेव्हा भिंतीवर आलेख पडला.
दोन रेषा. एक खाली झुकलेली, एक वरच.
टाळ्या झाल्या, मीही वाजवल्या,
वाजवता वाजवता वरची रेषा बघत राहिलो,
ती कशाकशाची बनलीय ते.
०४१७: पाणी.

सांगायला मीच गेलो.
आता थेंब द्यायचं त्याचं वय उलटलं होतं.
तो कोंबडीमागे धावत होता, चड्डी एका हातात धरून.
वैजंता म्हणाली, "म्हनजे पानीवर वाचना मना आंडोर."
रागावली का, ते मला अजून कळलेलं नाही.
तिनं चहा केला. त्यात साखर नव्हती.
विसरली असेल.

मग तिला मुलगी झाली.
थेंब आता सरकारी यादीत आहेत, सगळ्यांना,
पाकिटाशिवाय.
नाव ठेवलंय स्वरांजली.
परवा दुसऱ्याच कुठल्या तापाचा फॉर्म घेऊन मी गेलो,
तर वैजंता ओट्यावरून तिला हाक मारत होती,
पूर्ण नावानं,
नदीपल्याड ऐकू जाईल अशी.
माझ्या तोंडात सवयीनं आलं,
हळू, ताई.
हळू.