राउटर पालथा करून

नेटचं नाव होतं येमुल-दुसरा-मजला,
म्हणजे चोराला पत्ता आपणच लिहून दिलेला.
पासवर्ड बाबांचा मोबाईल नंबर,
तो तर अशोक चौकात
चादरीच्या दुकानाच्या पाटीवर, हातभर आकड्यांत.

आज लूमला सुट्टी. राउटर पालथा केला.
पोटावरच्या चिकट कागदावर
कंपनीनं दिलेली किल्ली: अ‍ॅडमिन, अ‍ॅडमिन.
तीन वर्षं दार नुसतं लोटलेलं होतं.

आधी ती बदलली. मग नाव: धोटा.
कुणाचा, कुठल्या मजल्यावर, काही नाही.

पासवर्डला जन्मतारीख नको.
आई तेलुगूत चिडली की जे चार शब्द
एका दमात निसटतात, ते घेतले.
मध्ये एक आकडा. तो सांगत नाही.

सेव्ह.
घरातले फोन पटापट तुटले, ताण्याचे धागे तुटावेत तसे.
बसलो गाठी मारत. माझा. टीव्ही. श्रीहरीचा.
यादीत अजून एक असायचा, रात्री अकरा ते एक.
तो परत आला नाही.
जिन्यात मात्र कुणाच्या तरी चपला
उगाच वर-खाली वाजल्या.

शेवटी आई. बोटांना शेंगाचटणी,
फोन कोपरानं पुढे सरकवत:
"काय टाकू, सांग की बे."

तिच्याच शिव्या,
तिच्या तोंडावर,
एकेक अक्षर, सावकाश.