पाणी सोडणे

बत्तीस वर्षं मी पाणी सोडलं.
पर्वतीच्या टाकीखालून, पहाटे चारला,
सायकलच्या दांडीला बांधलेली कमरेएवढी लोखंडी चावी.
आधी दत्तवाडी, मग नवी पेठ,
शेवटी सदाशिवातला तो बोळ,
जिथे झाकणावर कायम कुणाची तरी स्कूटर उभी.
अठरा फेरे डावीकडे.
पाइपातून आधी हवा खोकायची,
मग पाणी.

निवृत्त झालो तरी हात थांबला नाही.
रात्री अडीचला जाग.
मनगट गादीवर आपोआप फिरतं
आणि दर फेऱ्याला काहीतरी उघडतं:
धायरीच्या गुंठ्यासाठी सोपानने घेतलेली सही,
पोराच्या फ्लॅटचा हप्ता,
ज्युनियर इंजिनियर चारचौघांत बोलला ते,
कालिंदीच्या शेवटच्या सलाइनचा
थेंब.
थेंब.
डॉक्टरांनी अर्धी गोळी दिली.
अर्धी रात्र झोपलो.

वर्षश्राद्धाला उपासनी गुरुजी आले.
"हातावर पाणी घ्या, तुळशीचं पान ठेवा,
ताटावरून सोडा. म्हणा, न मम."
मला हसू आलं. म्हटलं, गुरुजी,
मला पाणी सोडायला शिकवता?
तेही हसले. पळी पुसत म्हणाले,
"शेलार, तुम्ही एवढं पाणी सोडलंत,
कधी ते तुमचं वाटलं होतं का?"

नव्हतं वाटलं.
कुणाच्या हंड्यात गेलं, कुणी त्यात गाडी धुतली,
कोण टाकी वाहती ठेवून घोरत पडलं,
कधी विचारलं नाही.
फेरे मोजायचे, झाकण लावायचं, सायकलवर टांग.
घरी येऊन असा झोपायचो
की कालिंदी नाकाखाली बोट धरून बघायची.

त्या रात्री अडीचला उठलो,
तांब्यातलं पाणी तळहातावर घेतलं.
तुळस खाली, जिन्याच्या टोकाला;
खिडकीतल्या कढीपत्त्याचं पान तोडलं.
देव समजून घेईल. नाही घेतलं तर तेही त्याचं.
मोरीपाशी उकिडवा बसलो.
सोपानचा गुंठा. न मम.
इंजिनियर. न मम. हे दोनदा म्हणावं लागलं.
पोराचा हप्ता तर पोराचाच होता,
मीच आपला उशाखाली घेऊन झोपत होतो.
मग कालिंदी म्हणायला तोंड उघडलं
आणि पाणी हातातच राहिलं.
बोटांच्या फटीतून ते आपलं आपण गेलं.
मी सोडलं, असं काही म्हणता येणार नाही.

लगेच झोप लागली नाही. खोटं कशाला बोलू.
कितीतरी रात्री नुसताच ओला तळहात,
उघडे डोळे, आणि कढीपत्त्याचा वास.

पण काल
भिंतीतला पाइप खोकला.
चार वाजून सात मिनिटं.
गणराज, तो नवा पोरगा, उशिरा आला होता.
सतराच फेरे दिले त्याने, अठरावा विसरला,
धारेच्या आवाजावरून कळतं मला.
उठावं, चप्पल घालावी, जाऊन सांगावं,
मनगट हललं,
पुन्हा हललं,
आणि चादरीवर उताणं पडून राहिलं.

साडेआठला सुनेने हलवून उठवलं.
"बाबा, पिंप भरून मोरीबाहेर पाणी आलं,
तुम्हाला ऐकू नाही आलं?"

नाही आलं.