फेब्रुवारीतली फेरी

इथे गाडीच्या इंजिनाला रात्रभर वीज लावून ठेवावी लागते,
नाहीतर सकाळी हाक मारली तरी ते ओ देत नाही.
उणे सव्वीस. पुढे बीटाचे ट्रक, मागे सपाट पांढरं.
नॉर्थ डकोटात रस्ता वळला
तर ती बातमी असते.

शेजारच्या सीटवर सेमिनरीनं दिलेलं फोल्डर :
तीन नावं, तीन वेळा, आणि शेवटी एक रकाना –
नक्की, कदाचित, नाही.
एकसष्टाव्या वर्षी हे काम पत्करलं मी.
कॉलेजं फिरायची,
आणि ज्यांना वाटतंय की आपल्याला पाचारण आहे
त्या पोरांसमोर बसून कॉफी प्यायची.
कॉफी हा आम्हा लूथरन लोकांचा तिसरा संस्कार,
वडील म्हणायचे. फार पातळ करायचे ते.

पहिला एस्पेन त्वाइट.
पाळकाचा मुलगा, पाळकाचा नातू.
उत्तरं इस्त्री करून आणलेली.
विचारलं, आणि तुला स्वतःला?
तो खिडकीबाहेरच्या हॉकीच्या बर्फाकडे पाहत राहिला,
इतका वेळ त्यानं कुठल्याच प्रश्नाला दिला नव्हता.

मग न्याकोआंग. तिची मंडळी
भाड्याच्या हॉलमध्ये भरते, दुपारी दोनला,
आधीचे लोक हीटर बंद करून गेल्यावर.
"पाच वर्षं झाली, आम्हाला पाळक नाही.
मामा शास्त्र वाचतो, आई प्रार्थना करते.
मला पाचारण आहे का, ठाऊक नाही.
गरज आहे, ते ठाऊक आहे.
यात फरक असतो का?"
फोल्डरमध्ये उत्तर असल्यासारखी
मी पानं उलटली.

तिसरा आलाच नाही.
माफ करा, असा निरोप; आता नर्सिंग करतोय.
ते वाईट आहे असं मला का वाटावं?

कॅन्टीन रिकामं होत आलेलं.
भांडी धुणारी एक मुलगी समोर येऊन बसली,
पिवळे हातमोजे कोपरापर्यंत, त्यांतून पाणी ठिबकतंय.
"तुम्ही चर्चवाल्या ना? माझ्याकडे तीन मिनिटं आहेत.
तुम्हाला आवाज ऐकू आला होता का?"

नाही गं.
फोन वाजला होता. रात्री दोनला, वादळात.
मी तेव्हा शाळेत भूगोल शिकवायची.
पाळक दुसऱ्या गावात अडकलेले,
आणि पलीकडच्या मिसेस मेल्बी म्हणाल्या,
हा गेला. तू जवळ राहतेस. ये.
गेले. स्तोत्र वाचावं, तर चष्मा घरी राहिलेला.
मग अंडी केली. त्यांनी एक खाल्लं.
जमीन लोखंडासारखी. त्यांचा नवरा
स्मशानाच्या शेडमध्ये थांबला, मे महिन्यापर्यंत.
तोवर दर गुरुवारी मी जात राहिले.
माती मऊ झाली, खड्डा खणला,
तेव्हा लक्षात आलं,
हो तर मी केव्हाच म्हटलं होतं.

"अंडी?" ती म्हणाली.
अंडी.
ती हसली नाही. घड्याळ पाहिलं.
"माझा भाऊ गेला जूनमध्ये.
आले होते लोक. बोलून गेले."
आणि उठून आत गेली, वाफेत.

अंधार साडेपाचलाच.
गाडीत बसून रकाना भरायला घेतला.
एस्पेनपुढे काही लिहवेना.
न्याकोआंगचा प्रश्नच लिहून काढला,
तो रकान्यात मावेना, समासात गेला.
खाली एक ओळ वाढवली,
आणि आठवलं, नाव विचारायचंच राहिलं.

किल्ली फिरवली. खोकलं इंजिन, गप्प झालं.
परत फिरवली.
काचेवर टकटक :
हातमोजे नाहीत, कोटाची बटणं उघडी,
केसांतलं पाणी गोठायला लागलेलं.
"कशी केली होतीत?"
मी काच खाली केली. थंडी आधी आत आली.
उकडून, म्हटलं.
एक जरा कच्चंच राहिलं होतं.